दहाव्या थाळीचा आवाज

मागच्या आठवड्यात माझ्या एका शब्दावर आमच्या ढोलकियासाहेबांनी विजेची अख्खी लाइन बंद केली. मी टॉवरवरून ओरडलो होतो, "तीन थाळ्या मेल्या!" टॉवरला तार जिच्यावर टांगलेली असते ती चिनीमातीच्या चौदा थाळ्यांची माळ खाली उतरवून तपासली, तर एकजात धडधाकट.

"करसनभा, मधल्या थाळ्या हळूच बोलतात, हे तुम्हीच मला शिकवलंत ना?" साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. "आता परत चुकलात तर टॉवर विसरा, गोदामात बसा."

शिकवलंत म्हणे! सव्वीस वर्षं कच्छच्या या खाऱ्या हवेत मी दुसरं केलंय काय? तारेजवळच्या थाळीवर विजेचा सगळ्यात मोठा भार, म्हणून लांब काठीच्या टोकाचा दुतोंडी चिमटा लावला की ती तडतडते. वर जावं तसा भार कमी, आवाज बारीक. दहावी तर नुसती कुजबुजते. मेलेली मात्र गप्प. तीन गप्प निघाल्या की चालू तारेला हात लावायचा नाही. आणि मी गोदामात नटबोल्ट राखत बसू? बसतंय कोण!

आज सकाळी पुढच्या टॉवरवर चढलो. खाली साहेब उभे होते आणि माझा जोडीदार वेलजी चालू तारेवर जायचा धातूच्या जाळीचा पोशाख चढवत होता. पहिली थाळी तडतडली. दुसरी, तिसरीही. आठवीपर्यंत ठीक. नववी गप्प. दहावी गप्प. श्वास रोखून चिमटा पुन्हा लावला. अकरावीही गप्प. च्यायला, या वाऱ्याला आजच सुटायचं होतं! पण वारा कुठला? खालची बाभूळसुद्धा हलत नव्हती.

चांगल्याच असणार, मी स्वतःला म्हटलं. मधल्याच तर आहेत. तेवढं बोललं की सुटलो. चरफडत तिसऱ्यांदा चिमटा लावला. काही नाही म्हणजे काहीच नाही.

"करसनभा, बोला की! का जेवायला रोटला-छास वरच पाठवू?" वेलजी ओरडला. त्याचा एक पाय शिडीवर होता. मेल्याला घाई केवढी!

"मला ऐकू येत नाही," मी म्हटलं.

"काय?"

"थाळ्यांचा आवाज मला ऐकू येत नाही!"

साहेबांनी कानामागे हात धरला. "इथवर काही पोचत नाही, करसनभा! जोरात बोला!"

मग पलीकडच्या मिठागरातल्या बायकाही माना वर करतील असा बेंबीच्या देठापासून ओरडलो, "माझे कान गेले, साहेब! दुसऱ्या कुणाला वर पाठवा!"