सातशे ग्रॅम

सकाळी सात वाजता स्टेडियमच्या बोळातल्या काट्यावर कालिनाचं वजन त्रेपन्न किलो सातशे ग्रॅम भरलं. कुस्तीच्या वजनगटासाठी हवं होतं त्रेपन्न. खरी वजनं नऊला बंद होणार होती, आणि नऊनंतर साक्षात देव जरी आला असता तरी वजनाच्या टेबलामागच्या बाईनं त्याला नियम दाखवून परत पाठवलं असतं.

"सातशे?" तिचे प्रशिक्षक तेन्यो सर म्हणाले. मग त्यांनी पोरीकडे न बघता तिच्या आईकडे, स्नेझाकडे बघितलं. "शुक्रवारी त्रेपन्न दोनशे होती ही. काल काय खाल्लं हिनं?"

"गहू," कालिना म्हणाली.

"तिचा बाप गेल्यावरचा मृतांचा पहिला शनिवार होता काल, सर," स्नेझा म्हणाली.

वर्षातून मोजक्याच वेळा येणाऱ्या या मृतांच्या शनिवारी बायका साखर-अक्रोड घातलेला शिजवलेला गहू घेऊन दफनभूमीत जमतात आणि एकमेकींना चमचा चमचा वाढतात. घेणाऱ्यानं 'देव त्याला क्षमा करो' म्हणायचं आणि तिथंच खायचं. नको म्हणणं म्हणजे मेलेल्याच्या तोंडचा घास काढून घेणं. ज्याच्या घरात नुकतंच कुणी गेलंय त्याच्यापुढे तर अख्खं गाव वाट्या घेऊन उभं राहतं. कालिनानं काल अकरा बायकांचा गहू खाल्ला, वर हलवा, वर खारट चीज भरलेली पापुद्र्यांची बानित्सा, आणि घरी येऊन तांब्याभर पाणी प्यायली.

"दोन तास आहेत," सर म्हणाले. "गाडीत बसवा, काचा बंद, हीटर पूर्ण. दोन जाकिटं, वरून प्लॅस्टिकचा रेनकोट. दर वीस मिनिटांनी बाहेर काढून जिने. पाण्याचा थेंब नाही. पोरींच्या वजनाच्या खोलीत मला सोडत नाहीत, तिथं तुम्हीच थांबा."

सरकारी क्रीडाशाळेत मुलींच्या कुस्तीसाठी प्रत्येक वजनगटातून दोनच जणी घेणार होते, त्याही आजच्या स्पर्धेतून. राहणं, शिक्षण, तालीम सगळं तिथंच. मार्चमध्ये कालिनाला सोळा पूर्ण होणार, म्हणजे पुढच्या वर्षी वय बाद. आज वजनात बसली तर मॅटवर, नाहीतर पुन्हा गावात.

हे सगळं डोक्यात आधी आलं होतं दोब्रीच्या, स्नेझाच्या नवऱ्याच्या. दोब्री पैलवान होता. जत्रेतल्या कुस्तीत बक्षिसाचा मेंढा खांद्यावर टाकून घरी यायचा आणि गावभर मिरवायचा. पोरगी सहा वर्षांची झाली तशी तिला अंगणातल्या गवतावर लोळवायला लागला. "ही कुस्तीवर पोट भरेल," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. कुस्तीवर पोट कसं भरतं ते स्नेझानं रोज बघितलं होतं. चुरगळलेले कान, चाळिशीत न वळणारी मान, आणि अंथरुणातून उठताना बायकोच्या खांद्याचा आधार. ट्रकवरची नोकरी त्या मानेनंच गेली. पोरीनं प्लोव्दिव शहरात मावशीकडे राहून नर्सिंग करावं, एवढंच तिचं म्हणणं होतं. पण नोव्हेंबरात दोब्री एका दुपारी हृदय बंद पडून गेला, आणि मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही. म्हणून आज पहाटे उठून तिनंच गाडी काढली होती.

फेब्रुवारीतली थंडी, बाहेर बर्फाचा चिखल, आणि गाडीत भट्टी. कालिना मागच्या सीटवर रेनकोटात गुंडाळून बसली होती. आंबट गोळी चघळून एका बाटलीत थुंकत होती, तेवढंच वजन कमी. आरशात तिचं तोंड लालबुंद दिसत होतं. आठ वाजता काट्यावर त्रेपन्न तीनशे पन्नास. साडेआठला त्रेपन्न दोनशे. आणि मग घाम यायचा थांबला. शरीरानं जे द्यायचं ते दिलं होतं आणि आता ते हट्टाला पेटलं होतं.

"आई, एक विचारू?"

"बोलू नको. थुंक."

"काल निघताना मी तुला सांगितलं होतं ना? एकच चमचा. फक्त तुझ्या हातचा."

"सांगितलं होतंस."

"मग पेना काकूनं वाटी पुढं केली तेव्हा मी तुझ्याकडं बघितलं. तू नुसतं म्हणाली असतीस, हिची उद्या कुस्ती आहे, तर काकू काही रागावली नसती. तिचा नातू पण खेळतो. तिला कळतं."

स्नेझानं समोरच्या काचेवरची वाफ पुसली.

"तू म्हणालीस, खा गं, बापासाठी खा. प्रत्येक वाटीला म्हणालीस." कालिनानं बाटलीत थुंकलं. तोंडातून काही आलंच नाही. "मुद्दाम केलंस?"

स्नेझाला खोटं बोलता येत नव्हतं असं मुळीच नाही. चांगलं बोलता यायचं. दोब्रीच्या मानेची खरी हकीकत तिनं सासूपासून दोन वर्षं लपवली होती. पण त्या गाडीत श्वास घ्यायला हवा नव्हती आणि पोरगी इतकी दमली होती की तिला फसवणं म्हणजे पडलेल्याला लाथ मारण्यासारखं झालं असतं.

"हो," ती म्हणाली. "पहिल्यांदा नाही. पहिल्या चार-पाच वाट्या खरोखर त्याच्यासाठीच. मग मोजायला लागले. मनात आलं, अजून दोन-तीन झाल्या की हे संपेल. आणि माझ्यावर बोलही येणार नाही."

कालिनानं दार उघडलं, गार वारा आत आला, आणि ती रेनकोटासकट जिन्याकडे पळाली. तळमजल्यापासून प्रेक्षकांच्या वरच्या रांगेपर्यंत चौऱ्याऐंशी पायऱ्या होत्या. ती वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली, आणि तिसऱ्या फेरीला तिला पुन्हा घाम फुटला. तेन्यो सर खाली उभे राहून नुसते "चल, चल" म्हणत होते.

स्नेझा मुलींच्या वजनाच्या खोलीत गेली. टेबलामागे चष्मा लावलेली जाडजूड बाई यादीवर खुणा करत होती.

"बाई, त्रेपन्नमधली एक मुलगी येतेय. थोडा वेळ जास्त द्याल का? दहा मिनिटं."

"नऊ म्हणजे नऊ."

"तिची काही चूक नाही हो. मी तिची आई आहे. मीच खायला घातलं तिला. ती नको म्हणत होती."

बाईनं मान वर केली. "आया खायला घालतातच. दर वर्षी एखादी येऊन इथं रडते. नियम बदलायचा झाला तर तो तुमच्या एकटीसाठी कसा बदलू?"

"मग मला शिक्षा करा. तिला खेळू द्या."

"इथं तशी सोय नाही," बाई म्हणाली, आणि वाईट वाटल्यासारखं करून पुन्हा यादीत शिरली.

आयुष्यभर जे होऊ नये म्हणून स्नेझा झगडली, ते आज व्हावं म्हणून ती भिंतीला टेकून घड्याळाकडे बघत होती. तीन महिन्यांपूर्वी दोब्रीला हॉस्पिटलात नेलं तेव्हासुद्धा ती इतकी गयावया करून प्रार्थना करत नव्हती. तेव्हा वेळच मिळाला नव्हता.

नऊला सहा मिनिटं कमी असताना कालिना आली. तिचे ओठ पांढरे पडले होते. स्नेझा रेनकोट काढायला पुढे झाली, तर पोरीनं तिचा हात बाजूला केला आणि स्वतःच एकेक बटण काढलं. जाकिटं, पायमोजे, सगळं. काट्यावर चढली. आकडा एकदा वर गेला, एकदा खाली आला आणि थांबला.

"त्रेपन्न शून्य," बाई म्हणाली. "बरोबर त्रेपन्न. बसली."

स्नेझानं तोंडावर हात घेतला. कालिना खाली उतरून कपडे घालू लागली. बाईनं अर्ज पुढे ओढला.

"वडील?"

"वारले."

"सोबत कोण आलंय? दुपारी निवड झाली तर सोबतच्या माणसाला आत कुस्तीगिरांच्या बाकावर बसता येतं. कागदपत्रंही तेच घेतात."

"तेन्यो सर आहेत," कालिना म्हणाली.

"ते प्रशिक्षक. घरचं कोण?"

"कुणी नाही."

बाईचं पेन थांबलं. तिनं चष्म्यावरून, मघाशी 'मी तिची आई' म्हणालेल्या आणि आता भिंतीशी उभ्या असलेल्या स्नेझाकडे बघितलं. "आणि या?"

कालिनानं पायमोजा ओढून वर घेतला. "त्या आमच्या गावातल्या आहेत. गाडी त्यांची आहे."

खोलीत आणखी तीन-चार पोरी होत्या, एक जण केस बांधत होती, त्यातल्या कुणाचंच लक्ष नव्हतं. बाई मात्र पेन धरून वाट बघत होती. स्नेझा एक शब्द बोलली असती तर आत बाकावर बसू शकली असती.

"बरोबर आहे," स्नेझा म्हणाली. "लिहा तसंच."