अनवाणी गुप्तहेर

ओट्यावरून झाकण पडलं आणि फरशीवर गोल गोल फिरत, कुरकुरत, हळूहळू बसत गेलं. घरात दुसरा आवाज नव्हता. मी दचकून डोळे उघडले. मांडीवरच्या लॅपटॉपवर काळ्या पडद्यावरून पांढरी नावं वर सरकत होती. शेजारी भुंगा झोपली होती. जागेपणी सतत गुणगुणत असते म्हणून लेकीला आम्ही भुंगाच म्हणतो. झोपेतही तिचे ओठ हलत होते.

"कोपर लागलं," स्वयंपाकघराच्या दारातून नवरा कुजबुजला. एका हातात पाण्याचा ग्लास, दुसऱ्या हातात बूट. सकाळची पाळी संपवून आला की तो जिन्यातच बूट काढतो आणि मोज्यांवर घरात शिरतो. भुंगाची दुपारची झोप ही आमच्या घरातली सगळ्यात महाग वस्तू.

"संपला का तुझा खुनी सिनेमा?"

"संपला. नावं येताना जरा डोळा लागला."

मला खरंच तसं वाटत होतं.

मी एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत दर आठवड्याला सिनेमाचं परीक्षण लिहिते. भुंगा व्हायच्या आधी थिएटरमध्ये जाऊन बघायचे. बाहेर चहा पिता पिता बाकीच्या समीक्षकांशी कडाकडा भांडायचे. आता निर्माते लिंक पाठवतात आणि मी तिच्या झोपेच्या तुकड्यांमध्ये सिनेमा बघते. एका कानात हेडफोन, दुसरा कान तिच्यासाठी मोकळा. पुरवणीच्या संपादिका, आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो, त्यांना हे कधीच पसंत नव्हतं. "पलंगावर पडून सिनेमा बघणं म्हणजे फोटो बघून आमटीत मीठ किती ते सांगणं," त्या म्हणाल्या होत्या. "चालवून घेतेय. पण एक जरी चूक झाली, तर सदर दुसऱ्याला देईन. मग माझ्यासमोर नाक ओढत बसू नकोस." त्या अर्ध्या पानावर मी कुणाची आई नसते, बायको नसते, सून नसते. आठवडाभर मी त्या अर्ध्या पानाच्या उबेत असते.

तर हा सिनेमा. काळ्या कोटातला एक खाजगी गुप्तहेर. प्रत्येक शब्दाचे पैसे स्वतःच्या खिशातून जात असल्यासारखा बोलणारा. त्याच्या मित्राचा खून झालाय आणि खुन्याला शोधत तो गोदामं, बंद पडलेली हॉटेलं, जिने यांतून फिरतो. उजेड कुठेच नाही. बाकीच्या समीक्षकांनी त्याला सोलून काढलं. एकाने लिहिलं, दिग्दर्शकाने विजेचं बिल वाचवलंय. दुसऱ्याने लिहिलं, नायकाला काळीज नाही आणि प्रेक्षकाला टॉर्च नाही.

मी एकटीने स्तुती केली. एका प्रसंगासाठी. गुप्तहेर खुन्याच्या मागे एका इमारतीचा जिना चढतोय. खुनी वरच्याच मजल्यावर आहे, हाताच्या अंतरावर. तेवढ्यात एका बंद दाराआड बाळ किरकिरतं, झोप मोडताना किरकिरतं तसं. गुप्तहेर थांबतो. खाली वाकतो. लेस सोडून दोन्ही बूट हातात घेतो आणि दारासमोरून मोज्यांवर, श्वास रोखून जातो. तोवर खुनी गच्चीवरून पसार. बाळ मात्र पुन्हा झोपतं. मी लिहिलं, या माणसाला काळीज नाही म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग चालू असताना मोबाईल बघितला असणार.

ताईंनी मथळा दिला, 'अनवाणी गुप्तहेर'. फोन करून म्हणाल्या, "बऱ्याच दिवसांनी तुझ्या लिखाणात जीव आहे गं." मी दिवसभर तरंगत होते. मोज्यांच्या उलट्या घड्या घालत होते.

मग दिग्दर्शकाचा फोन आला. मी दोरीवरचे कपडे काढत होते. भुंगा चिमट्यांची आगगाडी करून कठड्यावर चालवत होती.

"मॅडम," तो फार हळू बोलला. "तुम्ही नक्की कुठला सिनेमा पाहिलात?"

"म्हणजे?"

"माझा गुप्तहेर बूट काढत नाही. जिन्यात बाळ नाही. दारसुद्धा नाही हो, नुसती भिंत आहे. तो धडाधड जिना चढतो आणि त्या माणसाच्या पाठीत गोळी घालतो."

हातातला टॉवेल ओला आहे की वाळलाय, ते मला कळेना.

"रागावलो नाहीये," तो म्हणाला. "उलट विनंती करायला फोन केलाय. पहिल्या दिवशी थिएटरमध्ये कुत्रं नव्हतं. तुमचं छापून आल्यापासून लोक येतायत. काल एक आजोबा बाहेर पडले, डोळे पुसत होते. म्हणाले, बूट काढतो तिथे गलबलून आलं. आता बोला! अंधारच इतका आहे, की ज्याला जे हवं ते दिसतंय. तुम्ही गप्प राहा, मी गप्प राहतो. नाहीतर शुक्रवारी सिनेमा उतरेल."

संध्याकाळी भुंगाला बापाकडे देऊन मी लॅपटॉप उघडला. जिना आला. बुटांचा आवाज ठक ठक ठक वर चढत गेला. दार नव्हतं. गोळी सुटली, तो माणूस पायऱ्यांवरून घसरत खाली आला आणि गुप्तहेराने त्याच्याकडे पाहिलंही नाही. हे सगळं मी पहिल्यांदाच बघत होते. म्हणजे जिन्यापासून शेवटच्या नावांपर्यंत मी झोपले होते आणि उरलेला सिनेमा माझी मीच काढला होता.

नवरा मागे उभा राहून बघत होता. त्याला सगळं सांगितलं तसं तो स्वतःच्या मोज्यांकडे बघायला लागला.

"अगं, म्हणजे तो मीच की! बूट हातात घेऊन..." त्याला हसू आवरेना. "मानधन मागू का निर्मात्याकडे?"

"हसू नकोस. सदर जाईल माझं."

"तर मग नको सांगूस. कुणाचं काय बिघडलंय? आजोबा खूश, दिग्दर्शक खूश."

तो म्हणत होता ते खरंच होतं. मी रात्रभर ते गोधडीसारखं अंगावर ओढून पाहिलं. पण पाय उघडे पडत होते. ते आजोबा तिकीट काढून माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले होते आणि त्यांना वाटत होतं, सिनेमा बघतोय. आणि ज्या माणसाने इतक्या निगुतीने एक निर्दय माणूस उभा केला, त्याचं काम कुणी बघतच नव्हतं. मीसुद्धा नाही.

सकाळी ताईंना फोन केला. सगळं सांगून टाकलं.

"झोपलीस?" त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि स्वप्नाचं परीक्षण लिहिलंस?"

"हो, ताई."

एक हुंदक्यासारखा आवाज आला. त्या हसत होत्या. मग आवाज कोरडा झाला. "माझी दोन्ही पोरं लहान होती तेव्हा मी अग्रलेखात बाळगुटी लिहिली असती, कुणी वाचवलं देव जाणे. पण खुलासा छापावा लागेल. तुझ्या नावाने. आणि सदर काही दिवस दुसरीकडे देते. परत देईन की नाही, आत्ता विचारू नकोस."



दुपारी भुंगा झोपल्यावर खुलासा लिहायला बसले. लिहिलं, तो प्रसंग सिनेमात नाही, ते मला पडलेलं स्वप्न होतं. लिहिलं, सिनेमा मी आता जागेपणी पाहिलाय. त्यातला माणूस कुठल्याच दारापाशी थांबत नाही. दिग्दर्शकाने त्याच्या वाटेत एकही दार ठेवलेलं नाही आणि पाहताना अंगावर येते ती हीच गोष्ट. चांगला सिनेमा आहे. उबेसाठी मात्र जाऊ नका.

पडद्यातून गाळलेलं ऊन चादरीवर हलत होतं. दिग्दर्शकाला आधी फोन करावा, की छापून आल्यावर, याचा विचार करत होते, तेवढ्यात गुणगुण ऐकू आली. भुंगा उठली होती. केस कपाळाला चिकटलेले.

"आई, काय लिहितेस?"

"गोष्ट. एक काका चोराच्या मागे जिना चढत होते. तर दाराच्या आत एक बाळ किरकिरलं. म्हणून काकांनी बूट काढून हातात घेतले."

"बाबासारखे?"

"बाबासारखे."

"आणि चोर?"

"चोर पळाला."

तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. तिचा कान गरम होता. मी शेवटची ओळ टाइप करायला बोट उचललं.

"आई," ती म्हणाली, "आणि त्या बाळाची आई कुठे होती?"