ओयदीननं डाळिंब उघडलं

मार्गिलानला बहिणीकडे दोन दिवस राहून आले, अंगणाचं दार ढकललं आणि बघते तर काय, डाळिंब उभं! गारठ्यानं मरू नये म्हणून थंडीच्या तोंडावर मी कंबर मोडून वाकवलेलं, वर गवत आणि हातभर माती घालून पुरलेलं डाळिंब. त्याच्या सगळ्या फांद्या काठ्यांना बांधून ताठ केलेल्या. वरची माती उचलून गाजराच्या वाफ्यात पसरलेली. बुंध्याशी पाणीसुद्धा घातलेलं. आणि शेजारी आमच्या सूनबाई ओयदीन उभ्या, कोपरापर्यंत चिखल आणि तोंडभर हसू.

"आई, बघा! तुमच्या कंबरेला त्रास नको म्हणून मीच सगळं केलं."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! आमच्या कुवा गावात वसंतातला नवरोजचा सण होऊन पश्चिमेचा वारा थांबेपर्यंत कुणी डाळिंबाच्या मातीला हात लावत नाही. इथलं शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं.

"अगं, कुणी सांगितला होता तुला हा शहाणपणा?" एवढं तोंडातून गेलंच.

तिचं हसू मावळलं. "आमच्याकडे जर्दाळू फुलला की डाळिंब उघडतात. इथंही फुललाय ना."

तिचं माहेर देनोव, पार दक्षिणेला, उबेत. तिकडच्या जर्दाळूवर विश्वास ठेवता येतो. आमचा मेला दर वर्षी दोन दिवस ऊन पडलं की फुलतो आणि दर वर्षी फसतो. हे त्या पोरीला कोण सांगणार? सांगणारी मी, आणि मी बसले होते बहिणीकडे चहा ढोसत.

पुढचं सगळं बोलणं मी गिळलं. मी, होसियत, जिच्या तोंडाला अख्खी गल्ली टरकते, ती गप्प बसले. त्याला कारण होतं. लग्नाला महिना होतो न होतो तोच माझा सोबिर बांधकामाच्या कामाला रशियात गेला. घरात उरलो आम्ही दोघी. ओयदीनची आई रोज फोनवर तिला म्हणायची, "नवरोजला ये, आणि नवरा परतेपर्यंत इथंच राहा." ओयदीन "येते" म्हणाली होती. परत कधी येणार ते बोलली नव्हती, आणि विचारायची माझी छाती होत नव्हती. खरं सांगते, त्या पोरीनं मला लळा लावला होता. सकाळी तंदूरपाशी ती काहीतरी गुणगुणायची आणि मला घर भरल्यासारखं वाटायचं. ती गेली तर मी काय कोंबड्यांशी गप्पा मारू? तेव्हा म्हटलं, डाळिंबापायी हिला दुखवायचं नाही.

दुपारी भिंतीवरून एरगाश आकांचं डोकं वर आलं. शेजारी आहेत, वयानं मोठे, आणि दुसऱ्याच्या अंगणात काय चाललंय हे पाहिल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही.

"होसियत, तुझं डाळिंब यंदा नवरोजच्या आधीच उठून बसलं का गं? कुणाकडे जेवायला जायचंय त्याला?"

"तुम्हाला नाही बोलावलेलं. खाली उतरा, पडाल."

"मी उतरतो, पण वारा चढतोय. पश्चिमेचाच, कोकंदकडून आलाय. रात्री पाणी गोठणार बघ."

ओयदीनचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं झाडाकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं आणि एकदम काठ्यांच्या गाठी सोडायला लागली.

"परत पुरू, आई. आत्ता पुरू."

"माती कुठाय? वाफ्यात घातलीस. आणि बुंध्याशी चिखल केलायस. ओल्या चिखलात पुरलं तर फांद्यांचे डोळे कुजतील."

तरी आम्ही दोघींनी झाड वाकवायला घेतलं. डाळिंब वाकवायचं तर एका बाजूला, दर थंडीत ज्या बाजूला ते झोपतं त्याच बाजूला, आणि तेही दमानं. आमचं कुठल्या बाजूला झोपतं ते तिला कुठलं ठाऊक! तिनं उलट्या बाजूनं जोर लावला आणि जाड फांदी कडकन मोडली. ओयदीन तिथंच खाली बसली आणि हमसून हमसून रडू लागली.

"ऊठ," मी म्हटलं, "रडायला रात्र पडलीय. आधी पांघरूण बघू."

आम्ही उरलेल्या फांद्या जमिनीला टेकवल्या, वर दगड ठेवले. गवत पुरेना. पोती उंदरांनी खाल्लेली. एवढ्यात बर्फमिश्रित पाऊस भुरभुरायला लागला. मी आत धावले आणि माझ्या लग्नातल्या दुलया ओढल्या. लाल साटीन, आत आमच्या शेतातला कापूस, माझ्या आईनं घातलेले टाके. बाहेर येते तर ओयदीन दारात उभी, तिच्या हातात तिच्या दुलयांची चळत.

ती चळत अजून दोरीनं बांधलेली होती. देनोवहून ट्रकातून उतरली तशीच्या तशी. आमच्याकडे सून नांदायला लागली की दुलया सोडते, संदुकीवर रचते, आलेल्या बायकांना दाखवते. आणि सून कायमची माघारी जायची असेल तर आधी तिच्या दुलया ट्रकात चढतात. ती दोरी रोज माझ्या डोळ्यांत खुपायची. आणि आता ओयदीन ती दोरी दातांनी सोडत होती.

"ठेव त्या आत!" मी ओरडले. "चिखलात घालतेस? तुझ्या आईनं शिवल्यात!"

"मग तुमच्या काय दुकानातून आणल्यात?" ती पण ओरडली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला उलटून बोलली. आणि मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

भिंतीवरून एरगाश आका म्हणाले, "भांडा नंतर. आधी कडा दाबा, वारा आत शिरतोय." आणि त्यांनी त्यांच्या घोड्याची जाड झूल आमच्याकडे भिरकावली.

सकाळी अंगण पांढरं. जर्दाळूची फुलं काळी पडून गळाली होती. दुलया पाण्यानं दगडासारख्या जड झालेल्या, दोघींनी मिळून एकेक उचलली. वरवर फांद्या ठीक दिसत होत्या. पण डाळिंब आपलं मरण लगेच दाखवत नाही.

नवरोज तोंडावर आला तेव्हा दिसलं. शेजारच्या अंगणातली डाळिंबं अजून मातीखाली निवांत झोपलेली. आमच्या फांद्या तपकिरी, सुकलेल्या. ओयदीननं त्या दिवशी कपड्यांची बॅग काढली. मी तिला हाताला धरून अंगणात नेलं, झाडापाशी बसवलं आणि नखानं साल खरवडायला लागले. वर कोरडं. मधे कोरडं. पार खाली, मातीला लागून, ओली हिरवी रेघ.

"हे बघ. वरचं गेलं. खालचं जितं आहे. कापून टाकायचं, मुळातून नवे कोंब येतील."

"फळ कधी येईल?"

"दोन-तीन वर्षं तरी नाही."

तिनं त्या रेघेवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "कोंब कोवळे असतानाच वाकायची सवय लावतात ना? कुठल्या बाजूला?"

"अशी. उगवतीकडे डोकं करून."

"थंडीच्या आधी?"

"थंडीच्या आधी, दर वर्षी."

त्याच वेळी तिच्या आईचा फोन आला. नेहमीसारखा, चित्र दिसणारा. विहीणबाई लांबूनच विचारत होत्या, बॅग भरली का, कुठल्या गाडीनं येतेस, दुलया कशा आणायच्या.

"आई, मी येत नाही," ओयदीन म्हणाली.

"का? सासूनं अडवलं का?"

"नाही गं. माझ्या हातून इथलं डाळिंब मेलं. यांचं लाडकं. आणि यांनी मला एकदाही 'जा' म्हटलं नाही. मी राहते. मला राहायचंय."

मला रडू कोसळलं. लाज कसली त्यात, रडले. मग डोक्याच्या रुमालानं तोंड पुसलं, तिच्या हातातून फोन घेतला आणि त्या चेहऱ्याला म्हटलं, "विहीणबाई, नवरोजला तुम्हीच या. पुलाव मी करते. हवं ते मागा, पण पोर मागू नका."