सिद्धोधनचा राहिलेला डाव

सटवाजीने पाथरी भागात विहिरी खोदल्या; सटवाजीच्या आश्रुबाने त्या दगडाने बांधून काढल्या; आश्रुबाच्या सूर्यभानाने त्यांच्यावर विजेच्या मोटारी बसवल्या; आणि सूर्यभानाचा चंद्रभान परभणीच्या डायलिसिस वॉर्डात वजनकाट्यावर उभा राहून, पोटात गेलेल्या पाण्याचा जबाब देत होता.

"मामा, अख्खी विहीर पिऊन आलाव का?" अपेक्षा म्हणाली. ती तिथली तंत्रज्ञ. वयाने लहान, पण साऱ्या वॉर्डाला धाकात ठेवणारी. "डॉक्टरांनी दिवसाला बाटलीभर सांगितलंय. तुमी कुठून आणताव एवढं?"

"तहान लागती," चंद्रभान म्हणाला.

"सगळ्यांनाच लागती. चला, बसा."

तो आपल्या खुर्चीत बसला आणि डावा हात त्याने पुढे केला. हाताची शीर फुगून दोरासारखी वर आली होती. अपेक्षाने तिच्यात दोन सुया घातल्या आणि मशीन सुरू केले. आता सुमारे चार तास हा हात हलवायचा नव्हता.

आज शेवटचे, असे त्याने ठरवले होते. सोनपेठहून पहाटे निघणाऱ्या एसटीत तो शुक्रवारी चढणार नव्हता. मोटार रिवायंडिंगचे दुकान बंद पडून वर्ष होत आले होते. तांब्याची तार हातात धरली की बोटे थरथरत. बायको, सविता, लोकांच्या रानात खुरपायला जाई आणि मंगळवार-शुक्रवारी तेही बुडवून त्याच्या जेवणाच्या वेळा सांभाळी. अंगाला रात्रंदिवस खाज सुटे. सुईचे दुःख त्याला नव्हते. तहानेने मात्र त्याला पार मोडले होते. ज्याच्या तीन पिढ्यांनी जमिनीच्या पोटातून पाणी वर काढले, त्याने आपल्याच रांजणाकडे चोरासारखे बघावे, हे त्याला सोसवत नव्हते. मशीनकडे गेले नाही तर काय होते, हे त्याने याच वॉर्डात पाहिले होते. फार दिवस लागत नाहीत. सवितेला त्याने काही सांगितले नव्हते. आदल्या दिवशी दुकानातली हत्यारे तेवढी तेल लावून पेटीत ठेवली होती.

"चंदर, झोपलास का सोंग करायलास?"

शेजारच्या खुर्चीतून सिद्धोधन बोलत होता. दोघे पाथरीजवळच्या एकाच गावचे, एकाच वर्गातले. चंद्रभानाचे घर पुढे सोनपेठला गेले आणि सिद्धोधन शिकून मास्तर झाला. मधल्या काळात लग्नाकार्यात भेट झाली तर झाली. आता इतक्या वर्षांनी दोघांच्या खुर्च्या एकमेकींना लागून आल्या होत्या.

मास्तरकी सिद्धोधनच्या अंगातून गेली नव्हती. वॉर्डात प्रत्येकाला करमणुकीची औषधचिठ्ठी तोच लिहून देई. त्याच्या फोनमध्ये एम्युलेटर नावाचे ॲप होते. पूर्वी हातात धरून खेळायची जी छोटी यंत्रे मिळत, त्यांचे सोंग हे ॲप घेई, आणि त्या काळचे सारे खेळ फोनच्या काचेवर जिवंत होत. सिद्धोधनने या खेळांची पारख रोग्याच्या सुईवरून केली होती. ज्याची नळी मानेत, त्याचे दोन्ही हात मोकळे. त्याला मोटारींच्या शर्यती. ज्याची सुई हातात, त्याला एका अंगठ्याचा खेळ. त्यासाठी पडद्यावरची बटणे तो उजव्या कोपऱ्यात एकत्र आणून देई. ज्याचा रक्तदाब एकाएकी खाली जातो, त्याला आहे त्या जागी गोठवून ठेवता येईल असा संथ खेळ. खिडकीपाशी बसणाऱ्या दिनकररावांना त्याने शेतीचा खेळ लावून दिला होता आणि वर बजावले होते, "राव, ह्यातल्या वाफ्याला कितीबी पाणी द्या, काट्यावर वजन वाढत न्हाई." दिनकरराव त्या दिवशी बऱ्याच आठवड्यांनी हसले होते.

"मला न्हाई खेळायचं," चंद्रभान म्हणाला.

"तू खेळावं म्हणून कोण म्हणायलंय? माझा डाव ऱ्हायलाय तुज्याकडं. तेवढा दे अन् मग झोप."

"कोणता डाव?"

"विटांचा. सातवीतला. इसरलास का?"

चंद्रभान विसरला नव्हता.

त्या उन्हाळ्यात सिद्धोधनचा मामा हैदराबादहून एक करड्या रंगाचे यंत्र घेऊन आला होता. साऱ्या गावात ते एकच. पडद्यावर वरून वेगवेगळ्या आकारांच्या विटा पडत. त्या फिरवून, सरकवून, फट न ठेवता रचायच्या. ओळ पुरी झाली की विरघळून जाई. विटा वरपर्यंत चढल्या की डाव संपला, आणि यंत्र दुसऱ्याच्या हातात. हा नियम दोघांनी केला होता आणि दोघेही पाळत. चंद्रभानाला तो खेळ पहिल्याच दिवशी कळला, कारण त्याला तो खेळ वाटलाच नव्हता. त्याचा आजा आश्रुबा विहिरीच्या कडेला बसून दगड असाच फिरवून पाहत असे आणि फट राहणार नाही अशा बेताने बसवत असे.

त्या दुपारी चंद्रभानाचा डाव संपला, यंत्र सिद्धोधनच्या हाती गेले, आणि पडदा फिका पडून विझला. सेल संपले होते. मेलेले सेल उन्हात तापवले की घटकाभर पुन्हा जीव धरतात, हे गावातल्या प्रत्येक पोराला ठाऊक होते. "मी वाळवून आणतो," असे म्हणून चंद्रभान ते सेल घेऊन आपल्या घराकडे पळाला. घरी त्याला गुरांमागे पाठवले. दुसऱ्या सकाळी तो आला तेव्हा मामा यंत्र घेऊन हैदराबादच्या गाडीला लागला होता.

"एक गोष्ट मला आजपस्तोर कळली न्हाई," सिद्धोधन छताकडे पाहत म्हणाला. "सेल वाळवायला तू एवढ्या लांब घरी कामून गेलतास? आमच्या माळवदावर ऊन नव्हतं का?"

चंद्रभानाने नजर मशीनकडे वळवली. मशीनचे चाक गरगरत होते आणि नळीतून त्याचे रक्त बाहेर जाऊन परत येत होते.

"बरं, ऱ्हाऊ दे. तुजा फोन दे इकडं."

अपेक्षाने फोन या खुर्चीतून त्या खुर्चीत नेला. "मास्तर, मी काय पोस्टमन हाय का?" म्हणत तिने तो परतही आणून दिला. आता चंद्रभानाच्या फोनमध्ये विटांचा खेळ होता, बटणे उजव्या अंगठ्याखाली. त्याने नको नको म्हणत पहिली वीट सरकवली. मग दुसरी. हळूहळू त्याची मान पुढे झुकली. फट राहू द्यायची नाही, एवढेच कळत होते. तहानेचा विसर पडला, हे त्याला फार उशिरा जाणवले. विटा वरपर्यंत चढल्या तेव्हा अपेक्षा सुया काढायला आली होती.

"संपला?" सिद्धोधनने विचारले. "आता डाव माझा. नियम तुला म्हाईत हाय."

"घे की मग."

"आता न्हाई. मला धाप लागलीय. शुक्रवारी. फोन चार्ज करून आण. उन्हात वाळवून नगं आणू."

चंद्रभानाने त्याच्याकडे पाहिले. सिद्धोधनचे डोळे मिटलेले होते, पण ओठांवर हसू होते. पेटीत ठेवलेल्या हत्यारांविषयी त्याला कोणी सांगितले असेल, असे नव्हते. मास्तरांना कोणता मुलगा उद्या शाळेत येणार नाही, ते चेहऱ्यावरून कळत असावे.

शुक्रवारी चंद्रभान आला. एकदा डाव देऊन मोकळे व्हायचे आणि मग आपले ठरलेले आहेच, असे तो वाटभर स्वतःला सांगत होता.

शेजारच्या खुर्चीत दुसराच रोगी बसला होता.

"मास्तर कुठायत?" त्याने काट्यावर चढण्याआधी विचारले.

अपेक्षाने त्याला काट्यावर चढायची खूण केली. तिने काट्यावरचा आकडा लिहून घेतला. आज ती त्यावरून काही बोलली नाही, याचीच त्याला भीती वाटली.

"त्यांचं हृदय मशीन सोसंना मामा. काल रात्री लय तरास झाला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं."

"घरी म्हंजे?"

"म्हंजे घरी," ती म्हणाली आणि तिने तोंड फिरवले.

"मग मला सोड. मी जाऊन येतो."

"आधी मशीन. अशा अंगानं तुमी पाथरीच्या निम्म्या वाटंवर पडताल. मग कोणाकोणाला उचलू मी?"

तो बसला. ते चार तास त्याच्या आयुष्यात सर्वांत लांबले. मोकळ्या उजव्या हातात फोन होता आणि त्यात सिद्धोधनचा डाव पहिल्या विटेशी गोठवून ठेवलेला होता. अंगठा काचेपासून दूर ठेवून तो बसून राहिला. अगदी वेळ जावा म्हणूनही त्याने एक वीट हलवली नाही.

सुया निघताच हाताला पट्टी बांधून तो बाहेर पडला. सवितेला फोन करून त्याने एवढेच सांगितले, "गावाकडं जायलोय, सिद्धूकडं. उशीर हुईल." पाथरीच्या जीपमध्ये मागे बसायला जागा मिळाली. घसा कोरडा पडला होता. पिशवीत सवितेने भरून दिलेली दिवसाची बाटली तशीच बंद होती. रात्रीची तहान सर्वांत वाईट, म्हणून तो ती रात्रीसाठी राखत असे. पाथरीहून गावापर्यंत एक मोटारसायकलवाला सोडायला तयार झाला. वाटेत सटवाजीची विहीर लागली. सटवाजीने खोदलेल्या त्या विहिरीवर सिद्धोधनच्या पणज्याला पोहरा टाकायची सोय नव्हती. तो काठापासून दूर उभा राही आणि कोणी ओतले तर त्याच्या घागरीत पाणी पडे. चंद्रभान ती विहीर लहानपणापासून अभिमानाने दाखवत आला होता. आज त्याने तिच्याकडे पाहिले नाही.

सिद्धोधनच्या घरी ओसरीवर बाज टाकली होती. त्याचे पाय सुजले होते, श्वास वर वर चालला होता. उशाशी त्याची आई, बायनाबाई, पदराने वारा घालत होती.

"सूर्यभानाचा का रं तू?" तिने डोळे बारीक करून विचारले.

"व्हय माय. चंदर."

सिद्धोधनने डोळे उघडले. "सेल आणलेस का?" त्याने विचारले. आवाज नव्हताच, नुसता वारा.

"आणले. पुरे भरून आणले."

चंद्रभान बाजेच्या कडेला बसला. सिद्धोधनच्या हातात फोन धरायचे बळ नव्हते, म्हणून चंद्रभानाने तो दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर उभा धरला. गोठलेला खेळ सुटला. सुजलेला अंगठा काचेवर हळूहळू सरकू लागला. विटा वेड्यावाकड्या पडत होत्या, फटी राहत होत्या. दोनदा चंद्रभानाच्या मनात आले की हात घालून ही एक वीट सरळ करावी. त्याने हात हलवला नाही. मध्ये दोन ओळी पुऱ्या होऊन विरघळल्या, तेव्हा सिद्धोधनच्या गालावर जरा हालचाल झाली. मग विटा चढत गेल्या, चढत गेल्या, आणि विहिरीच्या तोंडाशी याव्यात तशा पडद्याच्या वरच्या कडेला येऊन थांबल्या.

"झाला," सिद्धोधन म्हणाला. "माजा डाव झाला."

"अजून खेळ. मी धरतो."

"नियम नियम हाय." तो थोडा वेळ नुसता श्वास घेत राहिला. "आता तुजा. मंगळवारी. दिनकररावांना दाखव, त्यांच्या शेतीचा कट्टाळा आला असल."

तेवढ्यात बायनाबाई आतून पाण्याने काठोकाठ भरलेला पेला घेऊन आली. घरी आलेल्या माणसाला पाणी द्यायचे, एवढे तिच्या हातांना ठाऊक होते. पेला पुढे केल्यावर मग तिच्या लक्षात आले.

"आता गं बया. तुला बी पाण्याचं पथ्य असल की ह्याच्यावानी." ती हात मागे घेऊ लागली. थांबून, ओसरीच्या खांबाकडे पाहत, ती सावकाश म्हणाली, "त्या येळीबी तू इथंच बसलतास. लय ऊन व्हतं. मी पेला ठिवला, अन् तू सेल घिऊन पळालास. सांच्यापस्तोर पेला तसाच भरलेला व्हता."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर चंद्रभानाला ते सोपे गेले असते.

'खेळायला जा, पण पाणी प्यायला घरी ये,' असे सूर्यभानाने त्या उन्हाळ्यात रोज बजावले होते. सेल कुठल्याही माळवदावर वाळले असते. तहान मात्र त्याला घरीच न्यावी लागली होती, आणि तिच्यापायी सिद्धोधनचा डाव राहिला होता. सिद्धोधन आता त्याच्याकडे पाहत होता. वॉर्डात छताकडे पाहून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याला तेव्हाही ठाऊक होते, हे चंद्रभानाला त्या नजरेत दिसले.

त्याने दोन्ही हात पुढे केले.

"द्या माय."

"आरं पण तुज्या जिवाला..."

"आजचं पाणी मी ठिवून आलोय. द्या."

तिने पेला दिला. त्याच्या घरात परक्या घरचे पाणी वरून, पेला तोंडाला न लावता प्यायची रीत होती. त्याने पेला ओठांना लावला.

"मंगळवारी काट्यावर अपेक्षाची बोलणी खाशील," सिद्धोधन म्हणाला.

"खाईन," चंद्रभान म्हणाला, आणि प्यायला लागला. पाणी सटवाजीच्या विहिरीचे होते, गार होते. मधे एकदाही पेला खाली न घेता तो पीत राहिला. बायनाबाई उभी राहून पाहत होती. शेवटचा थेंब गेल्यावर त्याने पेला तिच्यासमोर धरला, आतला तळ तिला दिसेल असा, आणि ओसरीच्या त्याच खांबापाशी उपडा ठेवला.