झामसिंगचा हुंकार

आमच्या दवनीवाड्यात गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार द्यावा लागतो. कितीही मोठी थाप असो, ‘हूं’ म्हणायचं. ‘खोटं’ म्हटलं की ऐकणारा हरला. माझा पुतण्या झामसिंग तीस वर्षांत हरला नाही. नागझिऱ्याचा वाघ माझ्या सायकलवर डबलसीट बसून गोंदियाला आला, तेव्हाही त्याने ‘हूं’च म्हटलं.

यंदा त्याची पोरगी मोनाली पुण्याहून सुटीवर आली. ताऱ्यांवर पीएचडी करते, एक वर्ष उरलेलं. झामसिंग म्हणाला, “पुरे झालं आता. गावच्या शाळेत शिकव.”

पोरगी तोंड पाडून बसली. मी तिच्याकडून तिचं काम नीट समजून घेतलं आणि झामसिंगला गाठलं. “एक गोष्ट आयक. हुंकार तुटला तं पोरगी परत जाईल.”

“अन् नाही तुटला तं?”

“तं शाळा. अन् मी जलमभर चूप.”

“मंग सांग लवकर, काकाजी!”

“आठशे कोटी वर्षांआधी एका दिव्याचा उजेड निघाला. तवा धरतीबी नवती.”

“हूं.”

“वाटेत एक आकाशगंगा आली. तिच्या ओढीनं उजेड वाकला, अन् एका दिव्याचे चार दिसाले लागले.”

“हूं.”

“मंग त्या आकाशगंगेतलाच एक तारा चारातल्या एका दिव्यासमोरून गेला. झाकाचं सोडून त्यानं दिवा मोठा केला, भिंगावानी. बाकीचे तीन जसेच्या तसे.”

झामसिंगने मान खाजवली. “हूं.”

“निळा उजेड झपकन वाढला, लाल हळूहळू. म्हणून समजलं, दिव्यात तापलेली चकती फिरून राहिली. निळा भाग आत, लहान. लाल बाहेर, मोठा. ते चकती कोन्याच दुर्बिणीत दिसत नाही. पन तुया पोरीनं तिचं माप काढलं.”

“खोटं!” झामसिंग ओरडला. “दिसतच नाही त्याचं माप? अन् ते आमच्या मोनालीनं काढलं?”

मोनालीने मोबाइल पुढे धरला. आलेखात चार रेघा. तीन सरळ, एक वर चढलेली. खाली तिचं नाव.

झामसिंगने एकेका रेघेवरून बोट फिरवलं. वाघ त्याने गिळला होता, पोरगी घशात अडकली.

सोमवारी त्यानेच तिला मोटारसायकलवर गोंदिया स्टेशनला नेलं. मागे मी, ट्रिपलसीट. गाडी सुटताना खिडकीशी वाकून त्याने विचारलं, “बाकीचे तीन काऊन नाही वाढले वं?”

“त्यांच्यासमोरून तारा नाही गेला, बाबा.”

“हूं,” झामसिंग म्हणाला.