तंबू केलेली पानं

आई गेल्याच्या नवव्या दिवशी सकाळी दालीस कोयता घेऊन परसात गेली. संध्याकाळी तिच्यासाठी जपमाळ म्हणायला वस्ती जमणार होती आणि सगळ्यांना तामाल द्यायचे होते. मक्याच्या पिठात कोंबडी भरायची, बिहाओच्या पानात बांधायचं, उकडायचं. पानं मात्र गेलेल्या माणसानं स्वतः लावलेली हवीत, म्हणजे तो सुखानं निघतो, असं त्यांच्या घरात मानत. आजीचे तामाल आईनं तसेच बांधले होते.

कर्दळीसारखी ती रुंद पानं आईच्या आजारपणात कुणी पाहिलीच नव्हती. जवळजवळ प्रत्येक मोठं पान मधल्या शिरेपाशी मोडून दोन्हीकडे लोंबत होतं. पाण्यावाचून मान टाकली असेल, असं समजून दालीसनं पहिलं पान छाटलं.

खालून अंगठ्याएवढी वटवाघळं फुर्रकन उडाली. एक मादी तेवढी पानालाच चिकटून राहिली. तोंडावर पांढरे पट्टे, आणि पोटाशी तिच्या निम्म्याएवढं पिल्लू.

"डोळे कुठे ठेवलेस?" मागून एनेइदा मावशी म्हणाली.

"उशीखाली राहिले."

"शिरा कुरतडून तंबू केलेत मेल्यांनी. तुझी आई रोज पानं हलवायची, म्हणून टिकत नव्हते."

दालीसनं पान उजेडात धरलं. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना दातांची भोकं होती. खाली मातीत उंबराच्या चघळलेल्या चोथ्याच्या गोळ्या पडल्या होत्या.

"यात पीठ थांबायचं नाही, मावशी."

"दुहेरी घालू. छाट सगळी. उंबरं खायला रानभर हिंडतात, झोपायला हीच जागा सापडली?"

"पिल्लं आहेत."

"इथे माझी बहीण आहे."

तेवढ्यात मादीनं पान सोडलं. पिल्लाच्या ओझ्यानं ती जमिनीला घासत गेली आणि शेजारच्या पानाखाली शिरली. शेवटी शेवटी दालीस आईला उचलून न्हाणीत न्यायची. आई हलकी झाली होती, तरी दारात दोघी धडकायच्याच.

"शेजारच्या लुपेकडून पानं आणते," ती म्हणाली.

"आणि तुझ्या आईचा पाय नाही निघाला इथून तर?"

"तर राहू दे. माझी काही हरकत नाही."

मावशीनं तिच्याकडे पाहिलं. मग एप्रनला नाक पुसून ती खाली वाकली. पानं बाजूला सारत, पण एकही तंबू न हलवता, तिनं बुडातलं एक कोवळं, अर्धं गुंडाळलेलं पान शोधलं. त्याला दात लागले नव्हते.

"एक छोटा तामाल होईल," ती म्हणाली. "जास्त खायचीच कुठे ती."

लुपेची पानं दुपारी आली. ती सगळी भरून झाल्यावर दालीसनं आईचं पान विस्तवावर धरलं. ते मऊ पडलं, काळपट हिरवं झालं. त्यात चमचाभर पीठ आणि कोंबडीच्या मानेजवळचा एक तुकडा ठेवून तिनं दोरी बांधली. गाठ सैल वाटली, म्हणून सोडून पुन्हा बांधली, आणि तो तामाल पातेल्यात सगळ्यांच्या वर ठेवला.