रिकामी सोडलेली रेघ

आमच्या गावात कुणालाही विचारा, तो फाशी गेलेल्यांचाच वंशज निघतो. तीनशे वर्षांपूर्वी चेटकीण म्हणून ज्यांना लटकवलं, त्यांची नावं आता गल्ल्यांना आहेत, शाळेच्या खोल्यांना आहेत, एका बेकरीलाही आहे. ज्यांनी बोट दाखवलं त्यांचा मात्र निर्वंश झाला असावा, कारण त्यांच्यातलं कुणी सापडतच नाही. मी लॉर्ना टार्बॉक्स. शेजारणीला पकडून नेत होते तेव्हा आमचा मूळ पुरुष कुंपण दुरुस्त करत होता म्हणे, आणि करतच राहिला. थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळे जेवायला जमले तरी हा विषय आमच्याकडे कुणी काढत नाही.

पस्तीस वर्षं मी शाळेची बस चालवली. निवृत्त झाले आणि घर खायला उठलं, म्हणून वाचनालयात दुपारी मुलांना गृहपाठाला मदत करायला लागले. फुकट. तिथे एकच नियम आहे: पेन मुलाच्या हातात. मदतनीसाने प्रश्न विचारायचे, उत्तर द्यायचं नाही.

ऑक्टोबर आला की शाळेत ते नाटक अभ्यासाला लागतं, चेटकिणींच्या खटल्याचं. बाहेर टोकदार टोप्या घातलेले पर्यटक फोटो काढत असतात आणि आत आमची पोरं डोकं धरून बसलेली असतात. मंगळवारी त्यावरचा निबंध घेऊन डेलिया पिंग्री आली. सोळा वर्षांची, गुडघे फुटलेले, हॉकीची काठी खुर्चीला टेकवलेली. शनिवारी उपांत्य सामना होता आणि तिचा खेळ बघायला, आवडला तर शिष्यवृत्ती द्यायला कॉलेजची माणसं येणार होती. त्या मुलीच्या घरातून आजवर कुणी कॉलेजात गेलेलं नाही.

"मिस टार्बॉक्स, मला एवढंच सांगा, अख्खं गाव एकदम येडं कसं होतं?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं मला भूक लागलीय."

तासभर माझे प्रश्न, तिच्या जांभया. शेवटी माझाच संयम सुटला. मी म्हटलं, "अगं, घाबरलेल्या गावाला सैतान लागत नाही, शेजारी पुरतो." आणि मग थांबलेच नाही. चांगला परिच्छेदभर बोलले. डेलियाचं पेन भराभर चाललं होतं, ते मी पाहत होते. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पस्तीस वर्षांत बसमध्ये माझं वाक्य कुणी लिहून घेतलं नव्हतं.

गुरुवारी ती आली ती बसलीच नाही. टेबलाभोवती फेऱ्या मारत राहिली.

"वर्गातल्या बाईंनी निबंधात तुमच्या वाक्याखाली लाल रेघ मारली. म्हणे हे तू लिहिलेलं नाहीस, एआयच्या मशीनकडून लिहून घेतलंस. एक फॉर्म दिलाय. कबूल केलं तर निबंध पुन्हा लिहायचा, विषय संपला. नाही केलं तर सोमवारी सुनावणी, आणि तोवर मैदान बंद."

"म्हणजे शनिवार?"

"शनिवार गेला. उद्या सकाळी आठच्या आत द्यायचाय. खाली एक रेघ आहे, मदत कुणी केली त्याचं नाव लिहायला. ती मी रिकामी सोडलीय."

नियम मी मोडला होता आणि हे वाचनालयात कळलं तर माझं टेबल गेलं. टेबल गेलं तर दुपारचे चार तास मी कुठे घालवायचे? तेव्हा मी जे बोलले त्याची मला अजून लाज वाटते.

"मग कर ना कबूल," मी म्हणाले. "सही कर आणि मोकळी हो. मशीनला काय फरक पडतो?"

ती फेऱ्या मारायची थांबली. माझ्याकडे बघितलं, काठी उचलली आणि गेली.

संध्याकाळभर मी घरात एका जागी बसू शकले नाही. कपाट आवरलं, मग त्यातलं सगळं पुन्हा बाहेर काढलं. सूप उतू गेलं. नाटकात कबुली देणारे वाचतात आणि खरं बोलणारे मरतात, हे मीच दरवर्षी पोरांना डोळे मोठे करून सांगते. आणि वेळ आली तेव्हा मी पुन्हा आमचं ते कुंपणच धरून बसले.

सकाळी पावणेआठला शाळेत गेले. उपमुख्याध्यापक गॅग्नन टेबलामागे होता. हा सातवीपर्यंत माझ्या बसमध्ये शेंबूड पुसत बसायचा. डेलिया समोर उभी होती आणि तिचा फॉर्म सही होऊन त्याच्या हातात गेलेला.

"मशीन नाही, मी," मी दारातूनच म्हटलं. "तो परिच्छेद मी सांगितला, तिने लिहून घेतला."

"मिस टार्बॉक्स, हिने कबूल केलंय. प्रकरण मिटलंय."

"खोटं कबूल केलंय! मीच सांगितलं तिला तसं करायला."

"तुम्ही कशाला आलात?" डेलिया किंचाळली. "मिटलं होतं ना सगळं! मी तुमचं नावसुद्धा घेतलं नव्हतं!"

गॅग्ननने कपाळ चोळलं. "तुमचं लेखी घेतलं तर हिची कबुली खोटी ठरते. मग सुनावणी आली. नको असेल तर तुम्ही आत्ता जा, मी काही ऐकलं नाही. पोरीचा शनिवार आहे, बाई."

वाईट माणूस नाही तो. मला दार दाखवत होता आणि मला जावंसंही वाटत होतं. मी डेलियाकडे बघितलं.

"तू सांग. तू म्हणालीस तर जाते."

ती कितीतरी वेळ नख कुरतडत राहिली. बाहेर घंटा झाली. मग तिने हात पुढे केला.

"सर, तो कागद द्या परत. मी मशीनला काही विचारलं नव्हतं."

आणि रिकाम्या रेघेवर मी माझं नाव लिहिलं, माझ्याच हाताने. वाचनालयातलं माझं टेबल दुपारपर्यंत गेलं.

शनिवारी आमच्या मुली दोन गोलांनी हरल्या. कॉलेजची माणसं मध्यंतरानंतर निघून गेली. डेलिया बाकावर साध्या कपड्यांत बसून बुटाची टाच जमिनीवर आपटत होती. मी शेजारी जाऊन बसले. दुसरीकडे जायला आता मला जागाही नव्हती.

"तुम्ही गप्प बसला असतात तर मी आत्ता आत असते," ती मैदानावरची नजर न काढता म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

टाच आपटतच होती. थोड्या वेळाने तिने पिशवीतून डोनट काढला, अर्धा तोडला आणि माझ्याकडे न बघता माझ्या मांडीवर ठेवला.

"सोमवारी नऊला आहे सुनावणी," ती म्हणाली. "उशीर करू नका."